इनवर्डचा शिक्का आणि त्यापुढचे सारे: बेळगाव सीमाभागातील पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठातील मदतसेवांची वाट

खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ किंवा सीमेपलीकडच्या चंदगडहून पदव्युत्तर शिक्षणासाठी बेळगावात येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला अभ्यास क्वचितच अडवतो. त्याला अडवते ती कचेरी. भुतरामहट्टीचे राणी चन्नम्मा विद्यापीठ असो, मच्छेचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ असो किंवा नेहरूनगरातील केएलई अभिमत विद्यापीठ असो, शिष्यवृत्ती, वसतिगृह, ग्रंथालय, समुपदेशन, तक्रार निवारण आणि नोकरीविषयक मार्गदर्शन या सेवा सर्वत्र असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच तर नियमानेच असाव्या लागतात. मात्र त्या वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेल्या असतात, प्रत्येकीची मुदत वेगळी असते, फलक बहुधा कन्नडमध्ये असतो आणि कोणती खिडकी कोणत्या कागदाने उघडते हे सांगणारे माणूस नेमके त्या दिवशी रजेवर असते. एम.ए. आणि नंतर पीएच.डी. अशी मिळून बरीच वर्षे या कचेऱ्यांत खेटे घातल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. तोंडी मागितलेली मदत ही मागितलेलीच नसते, कारण बहुतेक नियमांतली मुदत लेखी अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी अखेरीस एका कागदापाशी येऊन थांबेल.

पहिली पायरी: सर्व कागदांवर नाव एक करून घेणे

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात करायचे काम म्हणजे दहावीचे मार्क्स कार्ड, पदवीचे मार्क्स कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर तपासणे. सीमाभागात हे काम इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे, कारण येथे एकच नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरून येते. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. मराठी उच्चार 'द्न्य' असा असल्यामुळे मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत जाताना ते 'डी' या अक्षराने सुरू होते. तेच नाव कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत उतरले की 'जे' अक्षराने सुरू होते. माणूस एक, पण संगणकाच्या लेखी दोन. याखेरीज कुठे आडनाव आधी येते, कुठे शेवटी, तर कुठे वडिलांचे नाव केवळ आद्याक्षरात आक्रसलेले असते.

दुरुस्ती कुठल्या बाजूने करायची, यात पुष्कळ जण चुकतात. पुढचे सर्व शैक्षणिक कागद दहावीच्या मार्क्स कार्डावरील नावाच्या मागे चालतात आणि ते नाव बदलणे वेळखाऊ असते. म्हणून शक्यतो मार्क्स कार्ड प्रमाण मानून आधार त्याच्याशी जुळवून घ्यावे. आधारवरील नाव आयुष्यात केवळ दोनदाच बदलता येते, तेव्हा अर्ज भरणाऱ्याने टंकलेले नाव स्वतः वाचल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नये.

त्याच आठवड्यात जात आणि उत्पन्नाचा दाखला हाती आहे का, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. कर्नाटकात हा दाखला नाडकचेरीतून किंवा ग्राम वन केंद्रातून मिळतो आणि त्यावर 'आरडी' या अक्षरांनी सुरू होणारा जो क्रमांक छापलेला असतो, तोच राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. दाखल्याची झेरॉक्स हरवली तरी चालते, पण तो क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

बँक खात्याच्या बाबतीत एक बारकावा असा आहे की, सरकारी रक्कम तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधारवर आधारित हस्तांतरणात ती त्या वेळी आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जाते आणि शेवटी ज्या बँकेत जोडणी झाली असेल ती बँक ग्राह्य धरली जाते. माझी पहिल्या वर्षाची रक्कम मी नववीत असताना गावच्या शाखेत उघडलेल्या आणि पुढे विसरून गेलेल्या खात्याकडे वळली. ते खाते व्यवहाराअभावी गोठलेले होते, आणि ती रक्कम पुन्हा मार्गी लावण्यात माझे अख्खे दुसरे सेमिस्टर गेले. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत पाहता येते. ती पाहून मगच अर्ज भरावा.

दुसरी पायरी: इनवर्ड खिडकी

विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत आवक-जावक विभाग असतो, ज्याला सगळे 'इनवर्ड' म्हणतात. अर्जाच्या दोन प्रती घेऊन तेथे जावे. एक प्रत कारकून ठेवून घेतो. दुसऱ्या प्रतीवर तो जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारतो, शिक्क्याच्या मधोमध बॉलपेनने तारीख टाकतो आणि खाली नोंदवहीतला क्रमांक लिहितो. शिक्का बहुधा अर्धवट उमटतो. तारीख वाचता येत नसेल तर तेथेच, रांग मागे कुरकुरत असली तरी, पुन्हा मारून मागावा. परत मिळालेली ही प्रत म्हणजे तुमचा अर्ज अस्तित्वात असल्याचा एकमेव पुरावा होय. विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून आलेला कागद हा अर्ज नव्हे, आणि 'सरांना सांगितलंय' हे तर मुळीच नव्हे.

भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. त्यामुळे मराठीतले निवेदन घेणारच नाही असे म्हणण्यास आधार नाही. तरीही व्यवहाराचा सल्ला असा की, हक्काचा मुद्दा आणि कामाचा मुद्दा एकाच दिवशी एकाच खिडकीवर लढवू नये. मराठी अर्जासोबत कन्नड किंवा इंग्रजीतली प्रत जोडली, तर टिप्पणी लिहिणाऱ्या कारकुनाला भाषांतराची वाट पाहावी लागत नाही आणि तुमची फाईल ढिगाच्या तळाशी जात नाही.

कन्नड लिपी वाचता येत नसेल तरी वीस-पंचवीस कार्यालयीन शब्द ओळखता आले की निम्मे काम होते, आणि त्यांतले बरेचसे आपल्याला परके नाहीत. अर्जी म्हणजे अर्ज, सही म्हणजे सहीच, शुल्क म्हणजे शुल्क, विद्यार्थीवेतन म्हणजे शिष्यवृत्ती, विद्यार्थी निलय म्हणजे वसतिगृह, अंकपट्टी म्हणजे मार्क्स कार्ड, आदाय म्हणजे उत्पन्न, वासस्थळ म्हणजे राहण्याचे ठिकाण, दृढीकरण म्हणजे साक्षांकन, स्वीकृती म्हणजे पोच. दोन शब्द मात्र मुद्दाम पाठ करावेत: 'सुत्तोले' म्हणजे परिपत्रक आणि 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख. सूचनाफलकावर हे दोन शब्द दिसले की फोटो काढून वर्गातल्या कन्नडभाषक मित्राला दाखवावा. 'नाळे बन्नी' म्हणजे 'उद्या या', हे शिकवावे लागत नाही. ते पहिल्याच आठवड्यात पाठ होते.

तिसरी पायरी: पैशाची सोय

कर्नाटकाच्या शिष्यवृत्त्यांसाठी राज्य शिष्यवृत्ती पोर्टल, म्हणजे एसएसपी, हा एकच दरवाजा आहे. मागासवर्गीय कल्याण, समाजकल्याण, अल्पसंख्याक कल्याण अशा निरनिराळ्या खात्यांच्या मॅट्रिकोत्तर योजनांसाठी अर्ज तेथूनच होतो आणि कोणत्या खात्याकडे तो जावा हे तुमच्या प्रवर्गावरून ठरते. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात येतो, हे महाराष्ट्रातून आलेल्या नातेवाइकांच्या सल्ल्याने अर्ज भरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तिकडचे प्रवर्ग, तिकडचे दाखले आणि तिकडचे महाडीबीटी पोर्टल यांचा इकडे उपयोग नाही. तसेच राज्याच्या यादीतील प्रवर्ग आणि केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीतील समावेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटसारख्या केंद्रीय परीक्षेचा अर्ज भरताना राज्याच्या दाखल्यावर विसंबून प्रवर्ग निवडला आणि पुढे तो ग्राह्य धरला गेला नाही, की मिळालेली पात्रताही हातची जाते. केंद्रीय यादीत आपली जात त्याच नावाने आहे का, हे आधी पाहून मग केंद्राच्या नमुन्यातील स्वतंत्र दाखला काढावा.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर जेवण-राहण्याच्या खर्चासाठी विद्यासिरी योजना आहे; वसतिगृहात राहणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी राज्याच्या वसतिगृह पोर्टलवर अर्ज, तेथे जागा न मिळाल्यास विद्यासिरी. या योजनांत हजेरीची अट असते आणि हजेरी विभागाकडून कळवली जाते, तेव्हा शेतीच्या हंगामात किंवा घरच्या लग्नसराईत लागलेल्या सुट्ट्यांचा हिशेब स्वतःजवळ ठेवावा. मराठा समाजातील विद्यार्थ्यांनी कर्नाटक मराठा समुदाय विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनांची जाहिरात वर्षातून एकदा तरी तपासावी.

केंद्राच्या बाजूने पाहता, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर अभ्यासासाठीची शिष्यवृत्ती असते. ती दरमहा १५,००० रुपये, वर्षातील दहा महिन्यांसाठी मिळते आणि पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आलेल्यांना काही करता येत नाही. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांसाठी तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. नेटमध्ये मराठी हा स्वतंत्र विषय आहे. पाठ्यवृत्तीची रक्कम दर महिन्याच्या पडताळणीवर अवलंबून असते. विभागातून ही पडताळणी वेळेवर जाते की नाही, हे महिन्याच्या सुरुवातीला नम्रपणे, पण न चुकता विचारावे.

शैक्षणिक कर्जाबाबत शाखेत अनेकदा पहिला प्रश्न 'तारण काय?' असा येतो. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्राच्या पतहमी योजनेखाली ७.५ लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देता येते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे पोर्टलवरच दिसते. शाखेने नकार दिला, तर कारण लेखी मागावे. लेखी मागणी गेल्यावर कारणे बदललेली मी स्वतः पाहिली आहेत.

एक सावधगिरी सीमाभागासाठी खास. पुष्कळ विद्यार्थी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि बेळगावात अशा दोन्हीकडे प्रवेश घेऊन ठेवतात आणि नंतर एक सोडतात. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, त्यातून फक्त थोडा प्रक्रिया खर्च वजा होतो. शेवटच्या तारखेला पंधराहून कमी दिवस उरले असताना रद्द केल्यास ९० टक्के, शेवटची तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. कोणत्याही संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. येथेही तारीख मोजली जाते ती लेखी अर्जाची.

चौथी पायरी: राहणे आणि येणे-जाणे

विद्यापीठाचे वसतिगृह, मागासवर्गीय कल्याण खात्याचे वसतिगृह, ज्याला सगळे बीसीएम हॉस्टेल म्हणतात, आणि समाजकल्याण खात्याचे वसतिगृह ही तीन निरनिराळी प्रशासने आहेत. एकाच्या यादीत नाव नसेल, तर दुसऱ्याची मुदत संपली आहे असे गृहीत धरू नये. खोली घेताना खाट, दिवा, पंखा, खिडकीची काच यांची स्थिती पहिल्याच दिवशी अधीक्षकांच्या सहीने नोंदवून घ्यावी, नाहीतर जाताना अनामत रकमेतून काच तुमच्या नावे फुटते.

घरून ये-जा करणाऱ्यांसाठी वायव्य कर्नाटक परिवहन मंडळाचा विद्यार्थी पास सेवा सिंधू पोर्टलवरून मिळतो. त्यासाठी विभागाचे स्टडी सर्टिफिकेट लागते. मुलींना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, मात्र ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता हवा. चंदगड तालुक्यातून शिनोळीमार्गे रोज येणाऱ्या मुलींना त्यामुळे शक्ती लागू होत नाही. त्यांना महाराष्ट्र एसटीत १७ मार्च २०२३ पासूनची निम्म्या तिकिटाची सवलत मिळते, पण तीही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. एकाच बाकावर बसून एकाच वर्गाला येणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीला फुकट आणि दुसरीला पैसे पडतात, यावर वाद कंडक्टरशी घालून उपयोग नाही.

पाचवी पायरी: ग्रंथालय आणि संशोधनाची मदत

ग्रंथालय ही सर्वांत कमी वापरली जाणारी सेवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' ही केंद्राची योजना सुरू झाली असून सरकारी उच्चशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना सुमारे ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके वाचता येतात. पूर्वी जे लेख पुण्याच्या मित्राकडून मागवावे लागत, ते आता सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून उघडतात. ग्रंथपालांना भेटून घरून प्रवेश मिळण्यासाठीचे खाते आणि पासवर्ड पहिल्या महिन्यातच मागावा. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाने ई-पुस्तके व ई-नियतकालिके देणाऱ्या एन-लिस्टची वर्गणी भरली आहे का ते विचारावे. देशातील विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर मोफत वाचायला मिळतात, त्यात मराठीतलेही आहेत. जुन्या मराठी पुस्तकांसाठी मात्र विद्यापीठाबाहेर पडून शहरातील १८४८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी एक चूक टाळावी. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर टंकून घेतला, तर कागदावर तो सुरेख दिसतो, पण वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आणि शोधगंगेच्या शोधयंत्रणेला त्यात निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. पहिल्या प्रकरणापासून युनिकोडमध्येच लिहावे. चारशे पानांचे रूपांतर शेवटच्या महिन्यात करताना जोडाक्षरे आणि रफार कुठल्या कुठे जातात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी येते आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. अंतिम सादरीकरणाआधी प्रकरणवार तपासणी करून देण्याची विनंती ग्रंथालयाला करता येते.

पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांतील काही तरतुदी गाईड सहसा स्वतःहून सांगत नाहीत. मुदत सहा वर्षांची असून ती आणखी दोन वर्षांनी वाढू शकते. महिला संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागल्यास महिला संशोधकाला आपले संशोधन दुसऱ्या संस्थेकडे नेता येते. बेळगावची मुलगी गडहिंग्लजला किंवा सांगलीला सून म्हणून गेली की 'आता संशोधन राहिलं' असे घरोघरी ऐकू येते, पण नियम तसे म्हणत नाही. प्रत्येक सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीपुढे होणाऱ्या सादरीकरणाचे इतिवृत्त मागून ठेवावे. गाईडशी मतभेद झाले, तर 'काम झालेच नाही' या आरोपाला तेच उत्तर असते.

सहावी पायरी: प्रकृती आणि मन

परिसरातील आरोग्यकेंद्र प्राथमिक उपचारापुरते असते. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना सोबत कळवावे. शहरात सरकारी बिम्स रुग्णालय आहे. तेथे जाताना आधार कार्ड जवळ असावे.

मनाच्या त्रासाबद्दल आपल्याकडे अजूनही आडून बोलले जाते. समुपदेशकाचा कक्ष विभागाच्याच इमारतीत असेल, तर 'कोण बघेल' या धास्तीने पुष्कळ जण पायरी चढत नाहीत. अशांसाठी टेलिमानस ही केंद्राची दूरध्वनीसेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू असून बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था तिचे प्रमुख केंद्र आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत असतो आणि भाषांमध्ये मराठी निवडता येते. घरच्यांशी कन्नड-मराठी मिसळून बोलणाऱ्या माणसालाही रडताना स्वतःचीच भाषा लागते, म्हणून भाषेच्या पर्यायाचे बटण दाबेपर्यंत फोन ठेवू नये. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर धारवाडच्या डिम्हान्ससारख्या मानसोपचार संस्थेत डॉक्टरांना भेटावे. त्यामुळे बुडालेल्या हजेरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज इनवर्डला द्यावा. प्रमाणपत्रात आजाराचा तपशील खुलासेवार लिहिला जाऊ नये, अशी विनंती डॉक्टरांना करता येते.

सातवी पायरी: तक्रार

निकालातील गडबड, शुल्काची जादा आकारणी, शिष्यवृत्तीची अडवणूक, भेदभाव, अशा तक्रारींसाठी आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिचे अध्यक्षपद प्राध्यापकाकडे असते आणि विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. निर्णय मान्य नसेल, तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे (ऑम्बड्सपर्सन) अपील करता येते आणि त्याने तीस दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा असते. तक्रारीत एकच विषय, तारखा आणि मागणी असावी. 'मराठी असल्यामुळे त्रास देतात' असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोणता कागद, काय सांगून परत केला, हे चार ओळींत लिहावे. तक्रार तशीच टिकते.

गुणांचा वाद असेल, तर फेरतपासणीच्या अर्जाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागावी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आहे. कुलसचिव, मूल्यमापन, यांच्या कार्यालयाने जाहीर केलेल्या मुदतीत शुल्क भरून ती मिळते. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा झाल्यास १० रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असते. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि तो कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीतच द्यावा. अनुच्छेद ३५० येथे लागत नाही, कारण हे निवेदन नसून माहितीची मागणी आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावयाची असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास समितीत विद्यार्थी सदस्यही असतात. संशोधक विद्यार्थिनींसाठी सर्वांत मोलाची तरतूद अशी की, चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची शिफारस समिती करू शकते. 'माझा गाईडच तो, मग प्रबंध कसा होणार' या भीतीने अनेकजणी गप्प बसतात. ही मागणी तक्रारीतच स्वतंत्र परिच्छेदात लिहावी.

रॅगिंग फक्त पदवीच्या मुलांचे असते हा गैरसमज आहे. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी

२०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना उच्चशिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. मराठी माध्यमातून उत्तरे लिहिणाऱ्याला मराठी लिहिता येणारा लेखनिक हवा, हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर परीक्षा अर्जासोबतच लेखी कळवावे.

नोकरीची तयारी आणि निरोपाचे कागद

प्लेसमेंट कक्ष तांत्रिक व व्यवस्थापन शाखांत गजबजलेला असतो आणि भाषा-समाजशास्त्रांत ओस पडलेला असतो. तरी नाव नोंदवून ठेवावे, कारण शाळा-महाविद्यालयांकडून येणारी मागणी त्याच कक्षाकडे येते. बेरोजगार पदवीधरांना भत्ता देणारी कर्नाटकाची युवनिधी योजना पुढील शिक्षण चालू असणाऱ्याला मिळत नाही. पदव्युत्तर प्रवेश घेतलेला असताना ती घेतल्यास वसुली होऊ शकते.

शेवटच्या परीक्षेनंतर ग्रंथालय, वसतिगृह आणि विभाग यांची बाकी नसल्याची प्रमाणपत्रे त्याच आठवड्यात घ्यावीत. पुढे कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याच्या विद्यापीठात जायचे असेल, तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालाच्या दिवशीच करावा, आणि मार्क्स कार्ड डिजिलॉकरमध्ये उतरले आहे का ते पाहावे. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी मातृभाषिक उमेदवारांसाठी तिकडच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी गावातील रहिवास आणि मातृभाषा सिद्ध करणारी प्रमाणपत्रे लागतात, ती काढण्यास वेळ लागतो, आणि त्यांवरचे नाव पुन्हा दहावीच्या मार्क्स कार्डाशी ताडून पाहिले जाते.